कोकमाचे कलम आणि दोन उन्हाळे



आज मी तुमच्याशी एका झाडाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे कोकम, आपला रातांबा. खाली झुकलेल्या फांद्या आणि तांबूस पालवी यांमुळे हे झाड अंगणात शोभून दिसते. फळाच्या सालीचे आमसूल होते, साल साखरेत मुरवली की सरबत होते. बियांचे घट्ट तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायची घरोघरी रीत आहे.

रायगडच्या कातकरी वाड्यांवर हे झाड लावायचे, तर आधी एक गोष्ट समजून घेऊ. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांचे रोप स्वस्त मिळते, पण ते नर की मादी हे फुलोरा आल्याशिवाय कळत नाही. त्याला सात-आठ वर्षे लागतात आणि जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात. इतकी वर्षे पाणी घालणाऱ्या घराच्या पदरी मग फळच पडत नाही. म्हणून मादी झाडाचे कलमच घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात दिली आहे. तिची फळे पावसाआधी हाती येतात, त्यामुळे आमसुले उन्हात वाळवता येतात. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते. परागीभवनासाठी दहा झाडांत एक नर मात्र ठेवावा.

खरी परीक्षा लागवडीनंतर असते. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नेमक्या त्याच महिन्यांत कोवळ्या कलमाला पाणी आणि सावली हवी असते. पावसाळ्यात हौसेने लावलेले झाड मे महिन्यात वाळून जाते.

म्हणून माझी विनंती आहे, की रोपांची संख्या मोजू नका. एका घराला दोनच कलमे द्या. पण वाडीत मागे राहणाऱ्या एखाद्या आजीला पाणी घालण्याची मजुरी आणि झापाच्या सावलीचा खर्चही त्यासोबत द्या.

अंजिराच्या दाखल्यातला माळी झाडाभोवती खणून खत घालायला आणखी एक वर्ष मागतो. आम्ही तुमच्याकडे दोन उन्हाळे मागत आहोत.