गळती : टाकीची आणि मास्कची
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेली 25 वर्षे आपल्या वार्षिक सभेत एक विषय ठरलेला असतो : गळती. कधी गच्चीची, कधी टाकीची. आज मी वेगळ्या गळतीबद्दल बोलणार आहे.

माझ्या पत्नीला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. तीन वर्षांपासून ती रात्री बायपॅप मशीन लावून झोपते. घशात नळी न घालता हे मशीन मास्कमधून दाबाने हवा देते. श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी. त्यामुळे थकलेल्या स्नायूंना आधार मिळतो आणि रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

आता बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. इथे गळती दोन प्रकारची. पहिली म्हणजे मंजूर खर्च. मास्कवर किंवा नळीच्या टोकाशी बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. आमच्याकडे आलेले एक पाहुणे ‘इथून हवा सुटतेय’ म्हणत चिकटपट्टी लावायला निघाले होते. मी त्यांचा हातच धरला! ती छिद्रे बुजवली तर तोच श्वास पुन्हा आत जाणार.

दुसरी गळती म्हणजे हिशेबात न बसणारी रक्कम. मास्कची कड नीट बसली नाही किंवा झोपेत तोंड उघडले की ही होते. थोडी असेल तर मशीन भरून काढते. वाढली की पुरेसा दाब पोचत नाही. रुग्णाने श्वास घ्यायला सुरुवात केलेली मशीनला कळत नाही, किंवा नको तेव्हा ते हवा ढकलते. रुग्णाचा ताल वेगळा, मशीनचा वेगळा. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांवर वारा येतो, झोप मोडते. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंगणे, बोलण्यात गोंधळ ही कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची खूण असू शकते. तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवायचे.

मग पट्टे आवळायचे का? मुळीच नाही. फार आवळले तर मास्कची कड चुरगळून गळती वाढू शकते, शिवाय नाकावर जखम होते. हिच्या नाकावर लाल वळ दिसला, तेव्हा तंत्रज्ञांनी तिला आडवे झोपवून, मशीन चालू ठेवून मास्क पुन्हा बसवून दाखवला. कड रोज पुसायची, चेहऱ्यावर तेल-क्रीम नको. दाढीमुळे, कवळी काढल्यामुळेही मास्क सैल बसतो. तोंड उघडे राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा वेगळा मास्क, पण डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या मशीनवर गळतीचा आकडा दिसतो. जुनी सवय, मी तो रोज सकाळी वहीत लिहितो. डॉक्टर आधी ती वही मागतात.

शेवटी एक विनंती. आपल्या सोसायटीत अशी मशीन असलेली आणखी घरे आहेत. काही ठिकाणी दोघेच म्हातारे, मुले लांब. मास्क सरकला की बऱ्याच मशीनचा अलार्म वाजतो. रात्री शेजारून तो वाजतच राहिला, तर संकोच न करता बेल वाजवा. टाकीच्या गळतीसाठी आपण एकमेकांची दारे वाजवतोच की!