केळीच्या पानातील इतिहास

मेक्सिकोच्या आखातालगत, पानुको नदीच्या खोऱ्यात, हुआस्तेका नावाचा हिरवागार प्रदेश आहे. सान लुइस पोतोसी, व्हेराक्रूझ, हिदाल्गो, तामाउलिपास, केरेतारो आणि पुएब्ला अशा सहा राज्यांत तो विभागलेला असल्याने राजकीय नकाशावर त्याची सीमा सापडत नाही. परंतु रविवारच्या बाजारात गेले, की प्रदेशाची ओळख तत्काळ पटते. तेथे सकाळीच ‘साकाविल’ विक्रीस आलेला असतो.

साकाविल हा एक प्रचंड तमाल होय. तमाल म्हणजे मक्याचे पीठ पानात गुंडाळून शिजविलेला पदार्थ. एरवी तो तळहातावर मावतो. साकाविल मात्र मीटरभर किंवा त्याहूनही लांब असू शकतो. जाडसर वाटलेला मका, चरबी, सुक्या मिरच्यांचे वाटण आणि डुकराचे अथवा टर्कीचे मांस केळीच्या पानांत बांधून तो मातीच्या भट्टीत रात्रभर भाजतात. एका कुटुंबाच्याने तो संपावयाचा नाही. लग्नकार्य, सण आणि बाजार यांसाठीच तो असतो.

त्यातील मका साधा नव्हे. चुन्याच्या पाण्यात उकळून, तो रात्रभर तसाच मुरू देतात आणि मग धुऊन वाटतात. त्यामुळे साल सुटते, पीठ मळता येते आणि धान्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपने मका नेला, पण हा संस्कार नेला नाही. मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना तेथे पेलाग्रा जडला; गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ च्या सुमारास त्याची प्रथम नोंद केली. ज्यांना अडाणी ठरविले गेले, त्यांच्या स्वयंपाकघरात या रोगाचा प्रतिबंध शतकानुशतके चालत आला होता.

या प्रदेशाचे जुने रहिवासी स्वतःस ‘तेनेक’ म्हणवितात. त्यांची भाषा माया कुळातील. परंतु युकातान व ग्वातेमाला येथील तिच्या भगिनी शेकडो मैल दूर राहिल्या. पंधराव्या शतकात अझ्टेकांनी या भूमीवर स्वाऱ्या केल्या. ‘हुआस्तेक’ आणि ‘साकाविल’ ही दोन्ही नावे त्यांच्या नाहुआत्ल भाषेतून आली. ती भाषा बोलणारे नाहुआ लोक आजही तेनेकांच्या शेजारी राहतात आणि साकाविल दोघांचाही आहे. त्यानंतर स्पॅनिश आले. १५२७ मध्ये पानुकोचा कारभार हाती घेतलेल्या नुन्यो दे गुस्मान याने हजारो माणसांना गुलाम करून कॅरिबियन बेटांवर विकले आणि मोबदल्यात गुरे आणविली. डुक्कर आणि केळ हीही स्पॅनिशांबरोबरच आली.

म्हणजे साकाविलचे नाव एका विजेत्याच्या भाषेतले, तर मांस व पान बहुधा दुसऱ्याने आणलेले. मका, चुना, टर्की आणि मिरची मात्र त्या भूमीची. मेक्सिकोत प्रथम लागवडीस आलेली ही मिरचीच पुढे पोर्तुगीजांबरोबर गोव्यास पोहोचली.

तेनेकांच्या लेखी मका केवळ धान्य नव्हे. ‘धिपाक’ हा त्याचा आत्मा होय. विधीत अर्पण करावयाच्या मोठ्या तमालास त्यांचा स्वतःचा ‘बोलिम’ हा शब्द आहे. नोव्हेंबरच्या प्रारंभी ‘शांतोलो’ सणात झेंडूच्या कमानी उभारून पितरांपुढे तमाल ठेवतात. शांतोलो हा शब्द लॅटिनमधील, ख्रिस्ती संतांच्या सणाचा; पण त्या कमानीखाली घरचे मृतच जेवावयास येतात.

२०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. पदार्थाला मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु तेनेक भाषा बोलणारे २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख ६८ हजारच भरले. तरुण मोंतेर्रेसारख्या शहरांत कामाला जातात, आणि तेथे मुलांच्या तोंडी स्पॅनिश बसते. साकाविल शहरातही विकत मिळेल. बोलिम अर्पण करताना उच्चारावयाचे शब्द तेथे विकत मिळणार नाहीत. तांकानहुइत्झ येथील नभोवाणी केंद्र तेनेक भाषेतही कार्यक्रम प्रक्षेपित करते. ते शब्द घराघरात ऐकू येत राहिले, तर चुलीपाशी बसलेल्या मुलाला धिपाक कोण हे आजीच्याच भाषेत कळेल.