‘मिस्त्री, एक पाटा वाढवा!’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पनवेल हे जुन्या काळापासून गाड्यांचं गाव. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांतून घाट उतरून पनवेलच्या बंदराला येऊ लागला. बैलगाडीची चाकं बनवणं हा त्या वेळी पनवेलचा नावाजलेला धंदा होता, जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. पुढे रेल्वे आली, बंदर मागं पडलं, पण रस्त्यानं पनवेलची साथ सोडली नाही. आज कळंबोलीला लोखंडाचा बाजार आहे, न्हावा-शेव्याचं बंदर जवळ आहे आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. मी याच भागात गाड्यांच्या पाट्यांचं काम करतो. त्या पाट्यांबद्दल आज चार गोष्टी सांगणार आहे.

ट्रकच्या मागं उभं राहिलात तर चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान दिसेल. तेच पाटे. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात आणि त्यांत बुश बसतं. एक टोक चासीच्या हँगरला धरलेलं, दुसरं शॅकलवर झुलतं. कारण खड्ड्यात कमान दबली की पाटा लांबतो आणि त्या लांबीला जागा लागते. मधोमध सेंटर बोल्ट सगळे पाटे एकत्र ठेवतो आणि यू बोल्ट त्यांना ॲक्सलवर आवळून धरतात. एवढीच रचना, पण गाडीचं सगळं वजन तिच्यावर असतं.

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक मालवाहू ट्रेलरचं. अलीकडे मात्र वेगळी गाडीही येऊ लागली आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि मोटारीमागं ओढायच्या फिरत्या घराची हौस थोडी वाढली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. असंच एक दोन ॲक्सलचं घर माझ्याकडे आलं. मालक म्हणाले, “मिस्त्री, मागून बसलंय. वळणावर शेपूट हलवतं. एकेक पाटा वाढवा.”

मी म्हटलं, “साहेब, आधी काट्यावर चला.”

त्यांना ते पटलं नाही. पाट्याचं काम सांगितलं तर हा वजनकाटा कशाला दाखवतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तरी आले. प्रवासाला निघताना भरतात तसंच सगळं भरलेलं होतं. वजन आलं १,९६० किलो. गाडीवरच्या पाटीनुसार मर्यादा १,८०० किलो. मग भंगारवाल्याकडचा लहान काटा आणून पुढच्या दांड्याखाली, म्हणजे मोटारीच्या हुकावर जो भार पडतो तिथे लावला. भरला जेमतेम ७० किलो.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. ओढायच्या अशा गाडीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर यावा लागतो. तो कमी पडला की गाडी मागून झोके घेते आणि वेग वाढला की झोके वाढतात. या घराला २०० लिटरची टाकी अगदी मागच्या टोकाला होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी रिकामी करून पुन्हा वजन केलं : एकूण १,७६० आणि हुकावर सुमारे १८०. रोग पाट्यात नव्हता, टाकीत होता. पाटा वाढवला असता तर मागची बाजू उचलली गेली असती, दिसायला गाडी सरळ झाली असती, आणि झोके तसेच राहिले असते. त्या मोटारीत मालकांची दोन मुलं मागच्या सीटवर बसतात, हे मला त्याच दिवशी कळलं.

आता पाटा वाढवणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. एकाच लांबी-रुंदीचा पाटा ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचा घेतला तर त्याचा ताठपणा किती वाढेल? सव्वापट नाही, जवळजवळ दुप्पट! कारण ताठपणा जाडीच्या घनानुसार वाढतो. मालगाडीला असा ताठ पाटा रिकामी असताना उडवतो. फिरत्या घराला तर तो रोजच उडवेल. कपाटांचे बिजागर सुटतात, रिवेट ढिल्या होतात, छताचे सांधे उघडून पावसाचं पाणी आत येतं. कोकणातल्या पावसात पुढचं सांगायला नको.

आणि मुख्य म्हणजे, पाट्यानं गाडी बसत नाही इतकंच होतं. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच राहतात. बसलेली गाडी निदान बघणाऱ्याला सांगते की ओझं जास्त झालंय. जादा पाटा तिचं तोंड बंद करतो.

त्या घराचे पाटे मात्र आम्ही बदलले, कारण डाव्या बाजूच्या मेन पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकाशी बारीक तडा होता. चारही बदलले, मूळच्याच क्षमतेचे. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला ठेवला तर गाडी तिरकी उभी राहते. आणि तडा गेलेल्या पाट्याला वेल्डिंग कधी करू नये. पाटा पाणी देऊन कडक केलेल्या स्प्रिंग स्टीलचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढचा तुकडा तिथूनच पडतो.

सुधारणा केली ती सांध्यांत. प्लॅस्टिकची बुश झिजून आतला बोल्ट लोखंडाला घासत होता. तिथे काशाची बुश घातली, ग्रीस भरता येईल असे पोकळ बोल्ट बसवले, शॅकलच्या पट्ट्या जाड घेतल्या. दोन ॲक्सलच्या मधला तोलदांडा, ज्याला इक्वलायझर म्हणतात, त्याचंही बुश बदललं. खर्च पाट्यांच्या मानानं थोडा, पण गाडीचं आयुष्य इथंच वाढतं.

बसवताना काय पाहायचं? गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चासीखाली घोड्या लावा. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर ॲक्सल तिरका धावतो आणि टायर खातो. यू बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. चार नट आळीपाळीनं, समोरासमोर आवळा, आणि शेवटचा पीळ चाकं जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्यानं, कंपनीनं दिलेल्या आकड्याइतकाच द्या. दाते असलेला शॅकलचा बोल्ट ठोकून बसवायचा, फिरवायचा नट. शॅकल झुललं पाहिजे. करकचून आवळलं तर पाटा लांबणार कुठे? शंभरेक किलोमीटर चालवून यू बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा तपासा.

कायद्याचंही एक सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१८ साली केंद्रानं मालवाहू गाड्यांची भारमर्यादा वाढवली. चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन. तेव्हा पाटा वाढवून मागणाऱ्यांची आमच्याकडे रीघ लागली. पण कागदावरची मर्यादा वाढली म्हणून जुन्या गाडीचे ब्रेक वाढत नाहीत. २०१९ पासून जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे, जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा.

दंडाची भीती एक वेळ बाजूला ठेवू. पाटा वाढवून मागतो मालक, बोरघाट उतरतो ड्रायव्हर. अर्ध्या घाटात ब्रेकड्रम तापून धूर निघू लागतो तेव्हा त्या एका जादा पाट्याचा त्याला काडीचा उपयोग नसतो. म्हणून मी पाटा वाढवायला नाही म्हणतो. कधी गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात जातं, आणि तिथे काम होतंही. मला त्याचा राग नाही. पोट प्रत्येकाला आहे. पण दुकानात शिकायला येणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी हातोडा देत नाही. काट्याची पावती वाचायला शिकवतो.

तुमच्या दारात ट्रक असो, ट्रॉली असो की फिरतं घर. पुढच्या वेळी गाडी बसलेली दिसली तर मिस्त्रीकडे जाण्याआधी काट्यावर जा. पावतीवर काय येतं ते पाहा. बऱ्याचदा पाटे शाबूत असतात, ओझंच उतरवायचं असतं.