मोटारसायकलीची शाकारणी

वैशाख सरत आला आणि पश्चिमेकडून ढग डोकावूं लागले, कीं कोंकणांतील व मावळांतील गृहस्थ शिडी लावून छपरावर चढतो. सरकलेलीं कौलें बसविणें, फुटलेलीं बदलणें, पन्हळींतील पाचोळा काढणें, ही शाकारणी मृगापूर्वीं उरकली पाहिजे, असा त्या प्रदेशांतील जुना दंडक आहे. हें काम करणाऱ्यास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. कौल जेथें सरकतें, तेथेंच पाणी घरांत ठिबकतें असें नाहीं. तें वाशावरून ओघळत जातें आणि चार हात पलीकडे, भलत्याच ठिकाणीं, थेंब पडूं लागतो. म्हणून शहाणा माणूस थेंबाखालीं पातेलें ठेवून स्वस्थ बसत नाहीं. पाणी शिरलें कोठून, याचा तो माग काढतो.

आज शहरांतील अनेक घरांपुढें मोटारसायकल उभी असते. घरांतील कोणी तिच्यावरून कचेरीस जातो, कोणी महाविद्यालयांत, कोणी रात्रपाळीच्या कामावर. परंतु तिची शाकारणी करण्याची आठवण क्वचित् कोणास होते. उघड्यावर जन्म काढणारी ही वस्तु पाऊस सोसण्यासाठींच घडविलेली आहे, असा सर्वांचा समज असतो. तो समज पुष्कळ अंशीं खरा आहे. जेवढा खरा नाहीं, तेवढ्यांतच पावसाळ्यांतील बहुतेक घोटाळ्यांचें मूळ असतें.

पूर्वीच्या मोटारसायकलींत विजेचें काम थोडें असे. बॅटरीचा किंवा मॅग्नेटोचा अल्प दाब कॉइलमध्यें वाढून अनेक सहस्र व्होल्ट होई, त्याची ठिणगी प्लगच्या टोंकाशीं उडे, आणि पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेट घेई. एवढा मोठा दाब ओल्या पृष्ठभागावरून सहज पळवाट काढतो. प्लगच्या टोपीवर पाणी सांचलें, कीं ठिणगी आंत न पडतां बाहेरच विरून जाई व गाडी बंद पडे. उपायही तितकाच साधा होता. टोपी काढावी, कोरड्या फडक्यानें प्लग व टोपी पुसावी आणि पुन्हां किक मारावी. कित्येक एंजिनांत प्लगभोंवतीं खळगा असतो व त्यांतील पाणी निघून जाण्यासाठीं एक बारीक भोंक ठेवलेलें असतें. तें चिखलानें बुजलें, कीं प्लग तळ्यांत उभा राहतो. हा दोष आजच्या गाड्यांतही आढळतो, आणि एका बारीक तारेनें दूर होतो.

परंतु १ एप्रिल २०२० पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना भारत स्टेज सहा हे धुराविषयींचे कडक नियम लागू झाले, आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं इंधन फवारणारी विद्युत्‌-यंत्रणा आली. या यंत्रणेचा मेंदू म्हणजे ई. सी. यू. नांवाची एक लहानशी पेटी. एंजिन किती तापलें, थ्रॉटल किती उघडलें, आंत येणाऱ्या हवेचा दाब किती, धुरांत प्राणवायु किती उरला, हे निरोप निरनिराळे सेन्सर तिच्याकडे पाठवितात. त्यांवरून पेट्रोल केव्हां व किती फवारावयाचें हें ती ठरविते. पेटी स्वतः बहुधा चांगली बंदिस्त असते. पावसानें ती सहसा बिघडत नाहीं. बिघडतात ते निरोप आणणारे जोड, ज्यांस कनेक्टर म्हणतात. यांतील बरेचसे निरोप पांच व्होल्टांच्या आंतले असतात. कनेक्टरांत ओल शिरून तांब्यावर हिरवट गंज चढला, कीं एवढ्या क्षीण निरोपाची वाट अडते आणि पेटीला भलताच आंकडा पोंचतो. एंजिन गरम असतां तें थंड आहे असा निरोप मिळाला, तर पेटी अधिक पेट्रोल फवारते. गाडी अडखळते, धूर सोडते, प्रसंगीं थांबतेही. पूर्वीं पाण्यानें ठिणगी मरत असे. आतां पाण्यानें बातमी खोटी होते. खोटी बातमी फडक्यानें पुसून निघत नाहीं, म्हणून आधीं घेतलेल्या काळजीचें मोल पूर्वीपेक्षां वाढलें आहे.

हें पाणी शिरतें कसें, तें पाहण्यासारखें आहे. वरून पडणारी सर कनेक्टरांत सहसा जात नाहीं, कारण त्याच्या तोंडाशीं रबराचें कडें असतें. तें कडें दुमडलें, फाटलें किंवा दुरुस्तीच्या वेळीं पडून गेलें, तर वाट मोकळी होते. दुसरी वाट तारेंतूनच असते. तार म्हणजे अनेक बारीक तंतूंचा पेड. तिचें वेष्टण एका ठिकाणीं कापलें गेलें, तर दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें पाणी त्या तंतूंमधून सरकत जातें आणि हातभर दूर असलेल्या कनेक्टरांत प्रकट होतें. कौलारू घराची गळती ती हीच! तिसरी वाट उष्णतेची आहे. तापलेला भाग एकाएकीं थंड पाण्यांत सांपडला, कीं आंतील हवा आकसते व बाहेरची ओल आंत ओढली जाते. पावसांतून आल्यावर मीटरच्या कांचेवर आंतून धुकें दिसतें, त्याचें कारण बहुधा हेंच.

आषाढांतील एका सायंकाळीं माणगांवहून ताम्हिणी घाटानें पुण्याकडे निघालेला एक तरुण डोळ्यांपुढें आणावा. घाटांत धुकें असतें म्हणून त्यानें उन्हाळ्यांतच पुढें दोन जादा दिवे बसवून घेतले आहेत. ते बसविणाऱ्यानें वेळ वांचविण्यासाठीं गाडीच्या मूळ तारेचें वेष्टण कापून तेथेंच नवी तार पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. दिव्यांना स्वतंत्र फ्यूज दिला नाहीं. पावसाच्या माऱ्यानें पट्टीचा डिंक सुटतो, हादऱ्यांनीं ती उलगडते, आणि एका वळणावर उघडें तांबें गाडीच्या सांगाड्यास टेंकतें. मुख्य फ्यूज तत्क्षणीं वितळतो. नवे दिवे जातात, जुना दिवा जातो, मागचा तांबडा दिवा जातो, एंजिनही थांबतें. एका बाजूस दरी, दुसऱ्या बाजूस निथळणारा कडा, भोंवतीं धुकें, आणि मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकास रस्त्यांत कोणी उभें आहे याची कल्पनाही नाहीं. घरीं मात्र सांगितलें जाईल, कीं पावसानें घात केला. वास्तविक पाऊस आपल्या वेळेवर आला होता. घात वैशाखांतल्या त्या चिकटपट्टीनें केला.

अशा प्रसंगीं पहिलें काम गाडी दुरुस्त करण्याचें नव्हे, तर ती ढकलत रस्त्याच्या कडेस, वळणापासून दूर नेण्याचें आहे. हातदिवा खिशांत असावा व तो मागून येणाऱ्यांना दिसेल असा धरावा. जादा फ्यूज बहुधा फ्यूजपेटींतच ठेवलेला असतो. तो कोठें आहे, हें घरीं उजेडांत एकदां पाहून ठेवलें, तर अंधारांत हात चांचपडत नाहींत. फ्यूज पुन्हां वितळला, तर दोष कायम आहे असें समजावें. त्याच्या जागीं तार किंवा चांदीचा कागद घालणें म्हणजे तारांच्या जुडग्यास आग लावण्याची तयारी करणें होय.

मृगापूर्वींची शाकारणी अर्ध्या दिवसाची आहे. बैठक व बाजूची झांकणें काढावीं. किल्ली बंद करून बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडावें. पुन्हां जोडतांना तें शेवटीं जोडावें. हातास लागणारा प्रत्येक कनेक्टर तार न ओढतां, त्याची खिट्टी दाबून उघडावा, आंतील रबरी कडें जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें, ओल वाळवावी आणि सिलिकोनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीजचा पातळ हात कड्यावरून फिरवावा. हें ग्रीज वीज वाहून नेत नाहीं. त्याचें काम पाण्यास थोपविण्याचें. म्हणून तें लोंदाभर भरण्यांत लाभ नाहीं. चाकाचें साधें ग्रीज येथें वापरूं नये, कारण त्यानें रबर फुगण्याची भीति असते. बॅटरीच्या टोंकांवरील पांढरी बुरशी घासून काढावी व वर व्हॅसलिन लावावें. तारा हँडलजवळ कोठें घासतात, तें हँडल दोन्ही बाजूंस वळवून पाहावें. जोडाकडे येणारी तार शक्य तेथें जोडाच्या खालीं झोंक घेऊन मग वर यावी. म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब झोंकांतच गळून पडतो. जादा दिवे किंवा मोबाइल भारित करण्याचें साधन हवेंच असेल, तर त्यांस स्वतंत्र फ्यूज द्यावा, आणि मूळ तारा न कापणाऱ्या कारागिराकडूनच तें बसवून घ्यावें.

येथें एका विपरीत गोष्टीकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. पावसास भिणारे पुष्कळ लोक गाडी धुतांना मुळींच भीत नाहींत. यंत्रानें दाब दिलेली पाण्याची धार जवळून मारली, तर ती पावसाच्या सरीहून कितीतरी जोरानें रबरी कड्यांवर आदळते. मीटर, हँडलवरील बटणें, बैठकीखालचा भाग व हवेची गाळणी यांवर अशी धार मारूं नये, आणि तापलेल्या एंजिनावर तर कधींच नये. तसेंच, भिजलेल्या व गरम गाडीवर लगेच मेणकापडाची खोळ घालूं नये. आंतली वाफ आंतच कोंडते व सावकाश प्रत्येक जोडावर उतरते.

पाणी पडणें वेगळें आणि पाण्यांत बुडणें वेगळें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. तशा गाडीस पाण्यापेक्षांही मोठा धोका धन्याच्या उतावळेपणाचा असतो. पाणी ओसरलें, कीं त्याचा हात आपोआप स्टार्टरकडे जातो. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतांना एंजिन फिरविलें, तर दट्ट्या मध्येंच अडतो व कनेक्टिंग रॉड वांकतो. ओल्या जोडांतून वीज वाहूं लागली, कीं गंजही फार झपाट्यानें चढतो. म्हणून किल्लीस हात न लावतां बॅटरी सोडावी, गाडी ढकलत कारागिराकडे न्यावी, आणि प्लग काढून, तेल व गाळणी बदलून, सर्व जोड वाळल्यावरच ती चालू करावी. ज्या पाण्याचा तळ दिसत नाहीं त्यांत गाडी घालूंच नये. खालीं झांकण निघालेलें गटार असेल, तर तेथें गाडीचा प्रश्न उरतच नाहीं.

शेवटीं एक भ्रम दूर केला पाहिजे. एप्रिल २०१९ पासून भारतांत १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या एंजिनाच्या नव्या दुचाकींना ए. बी. एस. ही ब्रेकची विद्युत्‌-योजना सक्तीची आहे. ती चाक जागच्या जागीं जखडूं देत नाहीं, हा तिचा मोठाच उपकार होय; परंतु ओल्या रस्त्याची पकड ती वाढवूं शकत नाहीं. पहिल्या सरींत रस्त्यावरचें तेल वर येतें. पांढरे पट्टे, गटारांचीं लोखंडी झांकणें व रूळ निसरडे होतात. तेथें वेग आधींच उतरविणें, पुढील वाहनापासून नेहमींपेक्षां बरेंच अंतर ठेवणें आणि दोन्ही ब्रेक हलक्या हातानें लावणें, हें काम स्वाराचेंच राहतें. यंत्रास कोरडें ठेवावयाचें तें याचसाठीं, कीं स्वाराचें सारें लक्ष रस्त्यावर राहावें.

ज्या श्रोत्यांच्या दारांत मोटारसायकल आहे, त्यांनीं छपरावरच्या कौलांकडे पाहतांना तिच्याकडेही एकदां पाहावें. एक फडकें, ग्रीजची एक नळी आणि सुटीची एक सकाळ, एवढाच हा खर्च आहे. पावसाळी रात्रीं घरचें माणूस यावयाचें असलें, कीं आंतल्यांचे कान रस्त्याकडे लागलेले असतात. ओळखीचा आवाज वळणावर न अडखळतां दाराशीं येऊन थांबतो, तेव्हां वैशाखांतली ती सकाळ कोणास आठवतही नाहीं. कौलें नीट बसलेल्या घरांतही पावसाकडे कोणाचें लक्ष नसतें. शाकारणी चांगली झाली, याची खूण तीच.