माप आणि वजन

तेलाचा डबा घेतांना गृहिणी किंमत विचारते. पण तें तेल मापानें दिलें आहे कीं वजनानें, हें विचारल्यावांचून तिचा सौदा पुरा होत नाहीं. बाजारांत 15 किलोचा डबा मिळतो, तसाच 15 लिटरचाही मिळतो. पाहणाऱ्यास दोहोंत फारसा भेद दिसत नाहीं. परंतु लिटरच्या डब्यांतील तेल तोलून पाहिलें, तर तें सुमारें 13 किलो 650 ग्रॅमच भरतें. किलोचा म्हणून लिटरचा डबा घरीं आला, तर ऐन दिवाळीच्या फराळांत सव्वा किलोहून अधिक तेलाची तूट पडते.

माप जागा मोजतें आणि वजन द्रव्याचा भार सांगतें. एक लिटर पाणी जवळजवळ एक किलो भरतें. त्यामुळें सर्वच पातळ पदार्थांचें तसेंच असावें, असा समज होतो. वास्तविक एक लिटर तेल सुमारें 910 ग्रॅम, दूध 1030 ग्रॅम आणि मध सुमारें 1400 ग्रॅम भरतो. म्हणूनच किलोभर तेल लिटरच्या बाटलींत मावत नाहीं, आणि तीच बाटली किलोभर मधानें भरत नाहीं.

हा घोटाळा आजचा नव्हे. शेराच्या काळींही मापी शेर निराळा आणि वजनी शेर निराळा असे. 80 तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारें 933 ग्रॅम. मापी शेरांत मात्र जिन्नस बदलला कीं वजनही बदले. 1956 सालीं कायदा झाला आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून देशांत किलोग्रॅमची वजनें येऊं लागलीं. शेर गेला, परंतु माप आणि वजन यांतील अंतर राहिलें, कारण तें पदार्थाच्या स्वभावांतच आहे.

भाव ताडून पाहण्याची रीत सोपी आहे. एका दुकानीं तेल 150 रुपये लिटर आणि दुसऱ्या दुकानीं 160 रुपये किलो आहे, असें समजावें. पहिलें स्वस्त वाटतें. पण 150 ला 0.91 नें भागलें असतां किलोस सुमारें 165 रुपये पडतात. म्हणजे दुसरेंच दुकान स्वस्त ठरतें.

स्वयंपाकांतही हाच हिशेब उपयोगीं पडतो. कृतींत 200 ग्रॅम तेल सांगितलें असेल, तर मापाच्या भांड्यांत तें 220 मिलिलिटर घ्यावें. ज्या घरीं तसें भांडें नाहीं, पण लहान काटा आहे, तेथें नेहमींच्या वाटीचेंच माप बांधून ठेवावें. प्रथम रिकामी वाटी तोलावी. मग ती पाण्यानें कांठोकांठ भरून पुन्हां तोलावी. जितके ग्रॅम वाढले, तितके मिलिलिटर ती वाटी धरते. नंतर ती पुसून, कोरडी करून तेलानें भरावी. पाणी 180 ग्रॅम भरलें असेल, तर तेल 164 ग्रॅमच्या आसपास भरेल. हे आंकडे फळीवर लिहून ठेवले, म्हणजे पुढें दर वेळीं काटा काढावा लागत नाहीं.

एक पथ्य मात्र पाळावें. तापलेलें तेल फुगतें. दर दहा अंशांस तें शेंकडा पाऊण टक्क्याच्या आंत वाढतें. म्हणून माप नेहमीं थंड तेलाचेंच घ्यावें. मध वाटीस चिकटून राहतो. त्यासाठीं तो ज्या पातेल्यांत घालावयाचा, तें पातेलेंच काट्यावर ठेवून त्यांत ओतणें अधिक बरें.