खाडींतील लेप आणि कष्टकऱ्यांची विद्या

(खाडीकांठच्या शेतकरी, कोळी, भोई व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



शाळामास्तरानें बोलावयास उभें राहावें आणि विषय मासळीचा घ्यावा, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. विद्या म्हटली कीं पोथी, पाटी आणि परीक्षा एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. नांगर, हातोडा, चाक आणि जाळें ह्यांतही विद्या आहे असें म्हणण्याची आपणांस संवय नाहीं. ही संवय न लागण्यांत ज्यांचा फायदा होता तो त्यांस झाला; तोटा मात्र आपल्या पदरीं आला. म्हणून आज आम्ही मोठमोठ्या गोष्टी न सांगतां खाडीच्या चिखलांत राहणाऱ्या एका गरीब माशाबद्दल बोलणार आहों. तो मासा म्हणजे लेप.

लेप तुम्ही सर्वांनीं पाहिला आहे. चपटा, जिभेसारखा, वरून चिखलाच्या रंगाचा, खालून पांढरा. बाजारांत पापलेट-सुरमईचा मान त्यास नाहीं; पण कातडी सोलून तव्यावर टाकला कीं गरिबाच्या भाकरीस चव आणतो. ह्या माशाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. अंड्यांतून निघतो तेव्हां तो इतर माशांसारखाच उभा पोहतो आणि त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. पुढें थोड्याच दिवसांत त्याचा एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या डोळ्याशेजारीं येऊन बसतो. मग लेप कुशीवर पडतो तो जन्मभर तसाच राहतो. चिखल अंगावर ओढून घेतो, दोन्ही डोळे तेवढे वर ठेवतो, आणि तळांतले किडे व बारीक कोळंबी खाऊन जगतो. भरतीबरोबर तो चिखलाटीवर चढतो आणि ओहोटीबरोबर उतरतो. हें ज्यास ठाऊक तोच लेप धरूं शकतो.

आतां धरण्याची रीत पाहा. लहान होडींत दोघे असतात. एकजण मागें उभा राहून बांबू तळांत रोंवीत होडी पुढें नेतो. दुसरा नाळेवर पागाचें जाळें सांवरून उभा असतो. भरतीच्या भर पाण्यांत मासा सर्व चिखलाटीवर पसरलेला असतो. तेव्हां जाळें फेकणें म्हणजे अंधारांत दगड मारणें. पाणी उतरूं लागलें म्हणजे तिवरांच्या मुळांतून लहान लहान ओहळ खाडीकडे धांवतात, आणि मासाही त्याच वाटेनें खालीं येतो. होडी त्या ओहळाच्या तोंडाशीं, आवाज न करितां, बाजूस लावावी लागते. जाळें गोल उघडून पडलें पाहिजे; कडेच्या शिशाच्या गोळ्या तळास बसेपर्यंत थांबलें पाहिजे; आणि मग दोरी हळूहळू ओढिली पाहिजे. घाई केली कीं कड उचलते आणि चिखलाला चिकटलेला लेप खालून निसटतो. ओहोटी कुठवर जाईल हेंही मनांत धरावें लागतें; नाहीं तर होडी चिखलांत रुतून बसते आणि पुढची भरती येईपर्यंत दोघांस तेथेंच बसावें लागतें.

ह्या सर्वांस वेळेचा हिशेब लागतो. आमच्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांनीं तो सोप्या रीतीनें बसविला आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. पंचमी असेल तर पांच पाऊणे पावणेचार. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. पौर्णिमा-अमावास्येस दोन प्रहरीं व मध्यरात्रीं. भरतीपासून सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, आणि खाडींत जितकें आंत जावें तितकी भरती उशिरा पोंचते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, तेव्हां पाण्यास ओढा फार. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हां पाणी मंद. पूर्वीं शाळांत पाऊणकी घोकवून घेत असत. ती कशासाठीं, हें मुलांस क्वचितच कोणी सांगितलें. पण शाळेचें तोंड न पाहिलेला कोळी ती रोज होडींत बसून वापरीत होता! मग विद्वान कोण?

पंचांगांतील तिथीच्या ह्या एका रकान्यावर त्याचें पोट चालतें. शुभाशुभ वेळेच्या रकान्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. चंद्र कोणाची दक्षिणा घेऊन पाणी चढवीत नाहीं, आणि मुहूर्त चुकला म्हणून ओहोटी कोणासाठीं थांबत नाहीं. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ द्यावा, त्यास आमची हरकत नाहीं. पण दर्या शांत होतो तो पावसाळी वाऱ्याचा जोर ओसरतो म्हणून, हेंही पोरांस त्याच दिवशीं सांगावें.

शेतकरी बंधु म्हणतील, कोळ्याच्या लेपाशीं आमचा काय संबंध? संबंध आहे. खारजमिनीचा बांध ज्या तिवरांच्या आड उभा आहे, त्याच तिवरांच्या आसऱ्यास मासळीचीं पिल्लें वाढतात. तिवर तोडलें कीं लाटेचा मार सरळ बांधावर येतो. बांध फुटला कीं भातशेतींत खारें पाणी शिरतें. आणि कोळ्याचें जाळेंही रिकामें येतें. एकाच कुऱ्हाडीनें दोन चुली विझतात. राज्य सरकारनें २०१२ सालीं कांदळवन कक्ष स्थापिला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं कांदळवनांचा नाश करण्यास मनाई केली. परंतु कागदावरचा हुकूम रात्रीं खाडीवर पहारा करीत नाहीं. पहारा आपणच केला पाहिजे.

दुसरें संकट कारखान्यांच्या सांडपाण्याचें. विषारी पाणी खाडींत आलें कीं वरचा मासा निदान पळ काढूं शकतो. चिखलांत पडून राहणारा लेप कोठें जाणार? अशा वेळीं चावडीवर बसून शिव्या देण्यानें कांहीं होत नाहीं. कोणत्या तारखेस, कोणत्या ओहोटीस, कोणत्या ठिकाणीं पाण्याचा रंग बदलला आणि किती मासा मेला, हें वहींत लिहावें, आणि सह्या करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते; लेखी तक्रारीस उत्तर द्यावें लागतें.

तिसरें संकट आपल्याच हातांतलें आहे. बारीक आसाच्या जाळ्यानें बोटभर पिल्लें उपसून आणणें म्हणजे बियाण्याचें भात दळून खाणें होय. तळ खरवडणाऱ्या मोठ्या यांत्रिक नौका अधिक नाश करितात, हें खरें. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि २०२३ सालीं ५४ जातींच्या माशांसाठीं ठरविलेली किमान लांबी त्यांच्यावर कडकपणें लागू झाली पाहिजे. पण तें मागण्याचें तोंड आपणांस तेव्हांच राहील, जेव्हां आपली स्वतःची आस रुंद असेल.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत, खेड्यांतील शाळांत वाचन, लेखन व हिशेबाबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञानही द्यावें, अशी मागणी केली होती. तीच मागणी आज आम्ही खाडीकांठीं पुढें नेतों. येथील मुलांस पाऊणकी भरतीच्या हिशेबानें शिकवावी. डोक्यावर पाटी घेऊन बाजारांत वाटे मांडणाऱ्या मायबहिणींच्या मुलींस जमाखर्च शिकवावा, म्हणजे व्यापाऱ्याच्या वहींत आपल्या नांवावर काय मांडलें आहे तें त्यांस वाचतां येईल. आणि एखादा मुलगा शिकून मोठ्या हुद्द्यावर गेला तर जावो. पण बापाच्या जाळ्याची लाज त्यास वाटूं नये.

आपली विद्या आजवर हातांतून हातांत आली. ती हातांत तर राहूं द्याच, पण आतां वहींतही उतरूं द्या. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत त्यास फसविणें कठीण असतें. एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.