मुलाने कासव मागितले तर?

पालकहो, मीरा रोड-भाईंदरच्या बाजारातून जाताना शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानापाशी आपले मूल कधी ना कधी अडून बसतेच. "कासव घेऊ या ना!" टाकीतले ते हिरवे पिल्लू रुपयाहून थोडे मोठे, डोळ्यामागे लाल पट्टा. आपल्याला वाटते, एवढासा जीव, राहील कोपऱ्यात!

पण घेण्यापूर्वी मुलाशी पाच मिनिटे बोला. हे कासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. वाढून ते वीतभर, कधी त्याहूनही मोठे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. आज दुसरीत असलेली मुलगी नोकरीला लागेल, तेव्हाही त्याची टाकी कुणीतरी धुवावी लागेल. ती कोण धुणार, हे आजच विचारा.

सरपटणाऱ्या प्राण्यांना अंगची ऊब नसते. ती बाहेरून घ्यावी लागते. कासवाला ऊन मिळाले नाही, तर कवच मऊ पडते. शिवाय त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी लहान मुलांना ताप-जुलाब होतात. म्हणूनच अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासवाला हात लावला, की साबणाने हात धुवायचे. यात सूट नाही.

कंटाळा आला, की पुष्कळजण कासव तलावात सोडतात आणि पुण्य केले असे समजतात. हे परके कासव तिथल्या देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. हे कसले पुण्य?

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव काही घरांत भरभराटीसाठी ठेवतात. ते कोरड्या रानातले; बादलीत ठेवले तर बुडून मरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत आले असून शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. कुणी भेट दिले तरी नको म्हणा, आणि मुलादेखत म्हणा. कुठे दिसले तर वनखात्याला कळवा.

मग मुलाची हौस कशी भागवायची? अहो, भिंतीवर पाहा! दिव्यापाशी किडे टिपणारी पाल हीही सरपटणाऱ्यांपैकीच. झाडू उगारू नका. ती कधी येते, काय खाते, हे मुलाला महिनाभर वहीत लिहायला सांगा. महिनाभर ज्याने न चुकता लिहिले, त्याच्याशी कासवाविषयी पुन्हा बोलायला हरकत नाही.